बंडी पुढे जाते कशी?

अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरची मंडळी, शिक्षक भगिनी-बंधूंनो, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो,

मुलांना वेगळी हाक मारली, कारण आजचा विषय त्यांचा आहे. मोठ्यांनी आज पाहुणे म्हणून बसावं. मध्ये एखादा हिशेब आला तर तो आधी मुलांना सोडवू द्यावा, खालच्या आवाजात उत्तर सांगू नये.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी इथे पूर्वी पुष्कळांनी आणि माझ्यापेक्षा अधिकाराने सांगितलं आहे. ते गणित-विज्ञान शिकवत. मी त्यांच्या विषयाकडे वळतो: बल, गती आणि ऊर्जा. हे तीन शब्द मूल शाळेत वर्षानुवर्षं ऐकतं. बल म्हणजे काय, असं विचारलं की एका दमात उत्तर येतं. कार्य म्हणजे काय, तेही येतं. मग त्याच मुलाला विचारावं, की सायकलचं पॅडल मारणं थांबवलं तरी सायकल थोडी पुढे जाते, ती कुणाच्या बळावर? इथे वर्ग गप्प होतो. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, “सर, हे पुस्तकात नाही.”

हे पुस्तकात आहे. त्याच धड्यात आहे. पण पुस्तकातली सायकल आणि व्हरांड्यात लावलेली सायकल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असं आपण मुलांना नकळत शिकवून ठेवलं आहे.

या दोन सायकली एक करण्याचा मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत विनोबा होते, काका कालेलकर होते, मगनवाडीच्या ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा होते, आपल्या वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू होते, आर्यनायकम होते, आशादेवी होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल तयार झाला. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधाराने. ही नई तालीम. पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम त्याचं घर झालं.

नई तालीम म्हटलं की लोकांना सूत कातायची टकळी आठवते. इथल्या काहींनी लहानपणी ती फिरवलीही असेल. पण परिषदेच्या आधी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये जे लिहिलं, त्यातला एक मुद्दा टकळीइतका लक्षात राहिला नाही. ते म्हणत होते, की हात चालतात म्हणून नुसते चालवायचे नाहीत. प्रत्येक कृती अशीच का करायची, दुसरी का नाही, हे मुलाला कळलं पाहिजे. म्हणजे टकळी हवी आणि टकळीबद्दलचा ‘का’ही हवा.

मग या ‘का’चं काय झालं? थोडं कटू बोलतो. योजनेत आणखी एक कलम होतं. मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा. यावर त्या काळीही टीका झाली. मला त्यातला पैशाचा भाग आज बोलायचा नाही. मला दिसतं ते असं: सुताचे तार मोजले जाऊ लागले की ‘का’ महाग पडतो. टकळी का थांबते, यावर वर्ग अर्धा तास बोलत बसला तर तेवढं सूत कमी निघणार. सेवाग्रामच्या शाळेत नाणावलेले शिक्षक होते, तिथे ‘का’ जगला. इतर शेकडो शाळांमध्ये टकळी उरली आणि ‘का’ गेला. मग एक दिवस टकळीही गेली. आता उलट परिस्थिती आहे. व्याख्या आहेत, हातात वस्तू नाही. मला विचाराल तर दोन्हीकडे नुकसान सारखंच.

म्हणून आज मी तीनच गोष्टी घेतो. तिन्ही आपल्या जिल्ह्यातल्या वस्तूंवर. आणि ‘का’च्या जोडीला दुसरा प्रश्न घेतो: ‘किती?’ गांधीजींनी ‘का’वर जोर दिला. विज्ञानाला ‘किती’ही लागतं. विनोबांना ते पक्कं ठाऊक होतं. नालवाडीला ते तास मोजून, तार मोजून कातत, आणि त्या मजुरीत जगून पाहत.

पहिली गोष्ट, चालती वस्तू चालत का राहते.

मुलांनो, तान्हा पोळा तुम्हाला मी सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही लाकडी नंदी सजवता, दोरीने ओढत नेता, घरोघरी बोजारा मागता. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरदूरचे लोक बघायला येतात. तिथले नंदी माणसापेक्षा उंच असतात. आता मला सांगा, तुम्ही नंदीला ओढत भरभर चालला आहात, समोर मित्र दिसला, तुम्ही एकदम थांबलात. काय होतं?

बरोबर. टाचेवर येऊन आपटतो. तुम्ही थांबलात, नंदी थांबला नाही. दोरी ढिली पडली आहे, म्हणजे तुम्ही त्याला ओढत नाही आहात. मागून कुणी ढकलत नाही. तरी तो आला. मग त्याला आणलं कुणी?

कुणीही नाही. इथे माणसाची बुद्धी दोन हजार वर्षं अडली होती. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलपासून सगळे म्हणत, की गती टिकवायची तर सतत जोर लावावा लागतो, जोर संपला की गती संपते. दिसतंही तसंच. गॅलिलिओने घरंगळते गोळे उतारावरून सोडून, वेळ मोजून, सतराव्या शतकात प्रश्न उलटा केला. वस्तू चालत का राहते हे विचारू नका, ती थांबते का ते विचारा. चालती वस्तू चालतच राहील. थांबवायला काहीतरी लागतं. नंदीला थांबवते ती चाकाची आखाशी होणारी घासाघीस आणि रस्त्याची माती. आणि हो, तुमची टाच.

याचीच दुसरी बाजू सुरुवातीला दिसते. उभ्या नंदीला हिसका दिला तर तो मागे कलंडतो. चाकं दोरीबरोबर पुढे येतात, वरचं डोकं जागेवर राहू बघतं. उभ्याला उभं राहायचं आहे, चालत्याला चालायचं आहे. पुस्तकात याला जडत्व म्हटलं आहे. शब्द नंतर सांगा. आधी नंदी पडू द्या.

टकळीतही हेच, फक्त गोल. बोटांनी एक पीळ दिला की ती फिरत राहते. खाली पितळेची चकती असते ती कशाला? चकती काढून नुसती तार फिरवून बघा, लगेच थांबते. चकतीमुळे वजन वाढलं म्हणून ती जास्त फिरते, असं मुलं म्हणतील. मग तेवढ्याच वजनाची माती तारेला चिकटवून बारीक लांबट करा आणि फिरवा. वजन तेच, पण फिरणं कमी. वजन किती आहे यापेक्षा ते मधल्या तारेपासून किती लांब आहे, याला महत्त्व आहे. दोन प्रयोग, खर्च नाही, पंधरा मिनिटं. कॉलेजात ज्याला जडत्व-आघूर्ण म्हणतात, ते पाचवीच्या मुलाच्या चिमटीत आलं. नाव मात्र त्याला कॉलेजातच कळू द्या.

दुसरी गोष्ट. हिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे मुलं जितकी अडतात तितकेच शिक्षकही अडतात, फक्त शिक्षक सांगत नाहीत.

न्यूटनचा तिसरा नियम, १६८७ सालच्या पुस्तकातला. प्रत्येक बलाला तेवढंच आणि उलट दिशेचं बल असतं. नववीत सगळ्यांचा पाठ. आता बंडी घ्या. बैल बंडीला पुढे ओढतो. नियम म्हणतो, बंडीही बैलाला तेवढ्याच बळाने मागे ओढते. एखादं पोरगं उठतं आणि म्हणतं, “मंग सर, बंडी पुढं जाते कशी? दोघांचं बरोबर झालं की जी!”

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्यायची सोडून आपण त्याला खाली बसवतो. म्हणतो, परीक्षेत येत नाही. खरं तर त्या मुलाने नियम समजून घेतला आहे, म्हणून तर तो अडला. ज्यांनी नुसता पाठ केला ते अडले नाहीत.

उत्तर असं आहे, शांतपणे ऐका. दोन बलं बरोबर झाली असं केव्हा म्हणायचं? ती एकाच वस्तूवर असतील तेव्हा. इथे एक बल बंडीवर आहे आणि एक बैलावर आहे. म्हणून आधी बंडीवर बोट ठेवा आणि फक्त बंडीबद्दल बोला. बंडीला पुढे कोण ओढतं? बैल. मागे कोण धरतं? आखाची घासाघीस, चाकाखालची माती. बैलाची ओढ जास्त झाली की बंडी सुटते. झालं. बंडीचा हिशेब संपला.

आता बैलावर बोट ठेवा. त्याला मागे कोण ओढतं? जुवातून बंडी. मग पुढे कोण ढकलतं?

कुणीतरी म्हणालं, त्याची ताकद. नाही. बैलाची ताकद बैलाच्या आत आहे. बाहेरचं कुणी ढकलत नाही तोवर नुसत्या आतल्या ताकदीने कुणीच पुढे जात नाही. खुर्चीवर बसून स्वतःचे केस धरून स्वतःला उचलून बघा. बैलाला पुढे ढकलते ती जमीन. तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो, आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन त्याला पुढे रेटते. ज्या नियमाने आपल्याला अडवलं, त्याच नियमाने बंडी चालते.

हे खरं आहे का, हे कसं तपासायचं? आपल्याकडे त्याला जगातली उत्तम प्रयोगशाळा आहे: भादव्यातली काळी कपाशीची जमीन. पाऊस पडून गेला आहे, बंडी चिखलात बसली आहे, बैल तेच, त्यांची ताकद तीच, आणि बंडी जागची हलत नाही. बैल खुरांनी रेटतो ती माती मागे सरकून जाते. रेटायला काही उरतच नाही, म्हणून उलट रेटा मिळत नाही. मग आपण काय करतो? खुरांपुढे, चाकापुढे तुराट्या टाकतो, दगड टाकतो. बैलाला ताकद देत नाही, जमिनीला ताकद देतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बोटभर खोल खाचा असतात त्याही याचसाठी. डांबरी रस्त्यावर बंडी चालवायची तर बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकतात, खूर झिजू नये म्हणून. पण गुळगुळीत सिमेंटवर त्याच पत्र्यांनी बैल घसरतो. तिथेही बैल अशक्त झालेला नसतो.

चाकाला मातीची घासाघीस नको असते आणि खुराला ती हवी असते. एकच घर्षण. बंडीच्या आखाला वंगण घालणारा शेतकरी खुराला वंगण घालत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नाही, पण त्याला कळतं. त्याच्या मुलाला मात्र आपण वर्गात सांगतो, घर्षणाचे फायदे लिहा आणि तोटे लिहा, प्रत्येकी तीन.

शिक्षकांसाठी एक जोडपुरवणी. वर्गात बंडी आणता येत नाही, पण दोन ताणकाटे आणता येतात. एकाच्या हुकात दुसऱ्याचा हुक अडकवा, दोन मुलांना दोन टोकं द्या. एक दांडगा, एक किरकोळ. दांडग्याला सांगा, जास्त जोराने ओढ. दोन्ही काट्यांवर आकडा एकच दिसतो. मुलं तीनतीनदा करून बघतात, काटे बदलून बघतात, किरकोळ मुलाला फार आनंद होतो. मग तरी दांडगा त्याला ओढून नेतोच, ते का? त्याचे बूट काढून त्याला गुळगुळीत फरशीवर पायमोज्यांत उभा करा आणि परत ओढायला सांगा.

तिसरी गोष्ट ऊर्जेची. इथे हिशेब आहे, मुलांनी वह्या काढायला हरकत नाही.

बल आणि ऊर्जा यांत मुलांचा सर्वांत मोठा गोंधळ असतो. दोन्हीला घरी आपण ‘ताकद’ म्हणतो, त्यामुळे तो होणारच. हा गोंधळ सोडवायला मोटेसारखी वस्तू नाही. मुलांनी मोट पाहिलेली नसेल, आजोबांना विचारा. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून नाडा, नाड्याला चामड्याची पिशवी, ती मोट. बैल मोट ओढत विहिरीपासून लांब जातात, मोट वर आली की थारोळ्यात रिकामी होते, मग बैल मागल्या पावली परत येतात. ज्या वाटेवर ते ये-जा करतात ती धाव. आता बारकाईने सांगतो: ती वाट सपाट कधीच नसे. विहिरीकडे उंच आणि पुढे उतरती. ओढताना बैल उतारावरून खाली जात.

का? कारण उतारावर बैलाचं स्वतःचं वजनच ओढायला मदत करतं. समजा दोन बैलांचं वजन मिळून ७०० किलो, आणि वाट दहा मीटरला एक मीटर उतरते. म्हणजे वजनाचा दहावा भाग, ७० किलोइतका जोर, फुकट मिळाला. मोटेत १२० लिटर पाणी असेल तर तिची ओढ १२० किलोची. बैलांच्या स्नायूंना उरली ५० किलोची. निम्म्याहून कमी! ज्या अनाम माणसाने पहिल्यांदा ही वाट उतरती केली, त्याला मी अभियंता म्हणेन.

पण थांबा. खरंच फुकट मिळालं का? हिशेब पुरा करू. विहिरीतलं पाणी दहा मीटर खोल. १२० किलो पाणी दहा मीटर उचलायला, एक किलो एक मीटर उचलायला साधारण दहा ज्यूल या दराने, १२,००० ज्यूल लागतात. बैलांच्या वजनाने दिले किती? ७०० किलो एक मीटर खाली आले, म्हणजे ७,०००. स्नायूंनी दिले ५,०००. आता मोट रिकामी झाली, बैलांना परत वर जायचं आहे. ७०० किलो एक मीटर वर. किती लागले? सात हजार. पाच आणि सात, बारा. उतारावर जे घेतलं ते चढावर फेडलं.

बल वाचलं, ऊर्जा वाचली नाही. अवघड काम दोन खेपांत वाटून घेतलं, इतकंच झालं. घासाघीस धरली तर बारा हजारांपेक्षा जास्तच लागणार, कमी कधीच नाही. तरफ घ्या, कप्पी घ्या, गाडीत पोती चढवायची उतरती फळी घ्या, सायकलचे गिअर घ्या. जगातलं कुठलंही साधं यंत्र या हिशेबाबाहेर गेलेलं नाही. पेपरात दर दोन-चार वर्षांनी बातमी येते की अमक्याने इंधनाशिवाय चालणारं यंत्र शोधलं. ती वाचताना मोटेची धाव आठवा आणि विचारा, बैल परत वर कधी गेले?

आता हे ज्यूल येतात कुठून? बैलाचे कडब्यातून आणि ढेपेतून, तुमचे भाकरीतून. ज्वारीची एक भाकर, साधारण ७० ग्रॅम पिठाची, सुमारे दहा लाख ज्यूल देते. पंधरा लिटरची बादली दहा मीटर उचलायला १,५०० ज्यूल. म्हणजे एका भाकरीत किती बादल्या?

साडेसहाशेच्या वर. पण कुणाला साडेसहाशे बादल्या ओढून झाल्या आहेत का एका भाकरीवर? नाही, कारण शरीर खाल्लेल्यापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच कामाला लावतं, बाकी उष्णता होऊन जाते. काम करताना घाम येतो तो उगाच नाही. तरीही दीडशेच्या आसपास बादल्या निघतात, आणि एका भाकरीच्या मानाने ते कमी नाही.

आणि विजेचं एक युनिट म्हणजे किती? छत्तीस लाख ज्यूल. पंप निम्मीच ऊर्जा पाण्याला देतो असं धरलं, तरी एका युनिटमध्ये त्याच विहिरीतून अठरा हजार लिटर पाणी निघतं. बाराशे बादल्या. धट्टाकट्टा माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने काम करतो तेव्हा त्याच्याकडून सुमारे ७५ वॅट मिळतात. आठ तासांत ०.६ युनिट. पाऊण युनिटही नाही! घरी गेल्यावर बिलावर एका युनिटचा दर बघा आणि मजुराच्या रोजाशी ताडून बघा. हा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा माणूस जरा वेळ बोलत नाही.

या आकड्यातून एक निष्कर्ष असा काढता येतो, की माणसाने अंगमेहनत करणं वेडेपणा आहे. मगनवाडीच्या कुमारप्पांनी याच प्रश्नाचं दुसरं टोक धरलं होतं. त्यांच्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या १९४५ च्या पुस्तकात साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद आहे. कोळसा, तेल हा साठा. वापरला की गेला. ऊन, वारा, पाणी, कडबा, बैल हा प्रवाह. दर वर्षी येतो. कुमारप्पांचं सगळं मान्य करा असं मी म्हणणार नाही. मोटेवर परत जा असं तर मुळीच नाही. पण युनिट स्वस्त का आहे, हा प्रश्न ऊर्जेच्या धड्यातलाच आहे, नागरिकशास्त्रातला नव्हे. कोट्यवधी वर्षांत साठलेलं आपण काही दशकांत जाळतो आहोत, म्हणून ते स्वस्त दिसतं.

मगनवाडीचं नाव निघालं म्हणून जाता जाता. तिथे ग्रामोद्योग संघाने तेलघाणी सुधारली, ती वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. घाणीचा बैल आणि आपल्या बल्बवरचे ‘वॅट’ यांचं जवळचं नातं आहे. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाईक विचारी, हे किती घोड्यांचं काम करेल? म्हणून त्याने गिरणीला जुंपलेल्या, गोल फिरणाऱ्या घोड्याचं मोजमाप केलं: १८० पौंडांची ओढ, बारा फूट त्रिज्या, तासाला १४४ फेरे. त्यातून अश्वशक्ती ठरली, आजच्या मापाने ७४६ वॅट. घाणीचा बैल हेच करतो आहे. नाड्यात मोठा ताणकाटा अडकवायचा, वर्तुळाची त्रिज्या टेपने मोजायची, मोबाईलवर फेऱ्यांची वेळ लावायची. समजा ओढ ४० किलोची, त्रिज्या अडीच मीटर, मिनिटाला तीन फेरे. गुणाकार केलात तर तीनशेच्या थोडे वर वॅट येतील, म्हणजे साधारण ०.४ अश्वशक्ती. वॉटचा घोडा जरा जास्तच दांडगा होता, असं पुष्कळांचं मत आहे. तुमचं मत तुम्ही मोजून ठरवा.

शेवटी एक गणित घरी न्यायला देतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मला दिसलं, दोन मिनिटं.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! चरखा असा हवा, की तो हाताने किंवा पायाने चालावा, एका बाईला आठ तास न थकता चालवता यावा, दीडशे रुपयांत मिळावा, वीस वर्षं टिकावा, आणि आठ तासांत सोळा हजार यार्ड चांगलं सूत द्यावा. स्पर्धेत किर्लोस्करवाडीचंही यंत्र होतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

का मिळालं नाही? लोक म्हणतात अटी कडक होत्या. किती कडक, ते मोजू. आठ तासांत सोळा हजार यार्ड, म्हणजे तासाला दोन हजार. साध्या चरख्यावर चांगली कातणारी बाई तासाला तीन-चारशे यार्ड काढते. पाच पट तरी झालं. दोन हजार यार्डांचे इंच करा, साठाने भागा. मिनिटाला १,२०० इंच. आता सुताला पीळ लागतो, इंचाला निदान पंधरा. एक पीळ म्हणजे चातीचा, सूत पिळणाऱ्या सळईचा, एक फेरा. बाराशे गुणिले पंधरा, अठरा हजार. एक चाती वापरायची तर ती मिनिटाला अठरा हजार फेरे फिरली पाहिजे. आजच्या गिरणीतल्या चात्या साधारण त्या वेगाने फिरतात, विजेवर आणि उत्तम बेअरिंगवर. हात मिनिटाला साठ वेळा फिरला तर हाताच्या एका फेऱ्याला चातीचे तीनशे फेरे हवेत. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात ज्या पेटी चरख्यावर खटपट केली, त्यात एका चाकावरून दुसऱ्या चाकाला वेग देण्याची युक्ती होतीच. समजा पहिल्या जोडीत चारपट आणि दुसऱ्या जोडीत वीसपट, तर ऐंशी पट. तीनशे अजून लांब. म्हणजे अडचण बाईच्या ताकदीची नव्हती, एका चातीच्या वेगाची होती.

मग वाट काय? चात्या वाढवा. स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांचा अंबर चरखा आला तो याच वाटेने. पुढे सहा-आठ चात्यांचेही नमुने निघाले. मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते सुरू झालं, ते तुमच्या गावापासून फार तर एस.टी.च्या एका फेरीवर आहे. तिथे चरख्यांचे नमुने मांडलेले आहेत. सरांना म्हणा, सहल तिकडे न्या, आणि जाताना टेप न्या. मोठ्या चाकाचा व्यास मोजा, लहान कप्पीचा मोजा, भागाकार करा. कुठला चरखा किती पट वेग देतो, याचा तक्ता वर्गात लावा. आणि मला एका पोस्टकार्डावर एवढंच कळवा: सोळा हजार यार्डांची अट सहा चात्यांवर पुरी करायची तर प्रत्येक चातीला मिनिटाला किती फेरे लागतील, आणि तुम्ही मोजलेल्या चरख्याच्या चाकाला त्यासाठी हात किती वेगाने फिरवावा लागेल? तो आकडा आठ तास टिकेल असा आहे का?

आता मुलांचे प्रश्न आधी, मोठ्यांचे नंतर.